दोघांचा बेत

अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण असूनही कोकिळा पहाटे डोंगराकडे जाऊन आली. ती परतली तेव्हा नणंद मागच्या अंगणात परात पुढ्यात घेऊन आमरसाचे आंबे मऊ करत बसली होती. माहेरपणाला म्हणून सुचिता आदल्या दिवशीच रोहिणखेडहून आली होती. वहिनीचे धुळीने माखलेले बूट आणि गळ्यातली दुर्बीण पाहून तिने हातातला आंबा तसाच परातीत टाकला.

‘‘वयनी, आजच्या दिवशीई? अवं, लोकं म्हणत असतील, राजादादाची बायको सकाळी सकाळी कोठी जाते म्हणून.’’

‘‘म्हणू दे. नीलपंख दिसला आज. तारेवर बसला होता तं नुसता मातकट. पंख उघडले अन् असा निळा झाला ना, तुले काय सांगू!’’

‘‘मले नको सांगू. दादाले सांग. त्यालेच लागते तुझं सारं.’’

ते खरंच होतं. राजकुमार रोज समोरच्या खोलीत चहाचे दोन कप घेऊन तिची वाट पाहत बसायचा. ती आली की विचारायचा, ‘काय दिसलं?’ आणि मग ती कोणत्या सलईवर कोणतं पाखरू होतं, नाल्यात पाणी कुठवर उरलंय, मोहाखाली कोण बाया वेचत होत्या, सगळं सांगायची. तो डोळे मिटून ऐकायचा. आजही त्याने विचारलं. पण तिने नीलपंखाचं सांगितलं तेव्हा त्याचे डोळे पेपरावर होते, आणि पेपरही बराच वेळ त्याच पानावर होता. सणाची गडबड, पाहुणे, असेल काहीतरी, असं म्हणून ती न्हाणीघरात गेली.

कोकिळाने नोव्हेंबरात तहसील कचेरीतली अव्वल कारकुनाची नोकरी मुदतीआधीच सोडली, तेव्हा जळगाव जामोदमध्ये महिनाभर त्याचीच चर्चा होती. कोणी विचारलं, तब्येत बरी नाही का? कोणी विचारलं, सुनेचं बाळंतपण निघालं का दुसरं? खरं सांगितलं असतं तर लोक हसले असते. कचेरीत तिच्या टेबलासमोर उत्तरेची खिडकी होती आणि खिडकीत सातपुडा. सकाळी जांभळा, दुपारी धुरकट, पावसाळ्यात इतका जवळ की हात लांबवला तर ओला होईल. उत्पन्नाच्या दाखल्यांवर शिक्के मारता मारता तिचं तारुण्य त्या खिडकीत गेलं. डोंगर दिसायचा रोज. पाय लागायचे ते वर्षातून एखाद्या सहलीला, तेही डबे आणि सतरंज्या सांभाळत.

आणि बेत काही तिचा एकटीचा नव्हता. राजकुमार कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने तिला वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिमालयाची एक रांग काढून दाखवली होती. ही पंचचुली, ही पाच शिखरं, हे समोरचं गाव मुन्सियारी. इथं एक खोली घ्यायची आणि नुसतं बसायचं, तो म्हणाला होता. पण त्याला उन्हाळ्याची सुट्टी लागायची तेव्हा हिच्या कचेरीत दाखल्यांसाठी पोरांची झुंबड. तिला दिवाळीत सवड मिळे तेव्हा त्याच्या बारावीचे जादा तास. मग सासऱ्यांचं आजारपण, मग मुलाचं, गंधारचं, शिक्षण. दोघांनी मिळूनच ठरवलं होतं की आता निवृत्तीची वाट पाहणं पुरे. ती नोव्हेंबरात सुटेल, तो बारावीची बॅच पार पाडून मे अखेरीला. जूनमध्ये निघायचं, ऑगस्टात परतायचं.

मधले महिने तिने वाया घालवले नाहीत. गंधारची जुनी सायकल दुरुस्त करून घेतली. गावातल्या निवृत्त लोकांचा एक घोळका पक्षी बघायला जायचा, त्यात शिरली. त्यांच्यात ती एकटीच बाई. सुरुवातीला मास्तर मंडळी संकोचली, मग तीच त्यांना पुढे चालून दाखवू लागली. पोटऱ्या दुखायच्या, रात्री तेल चोळून घ्यायची. हे पाय जूनपर्यंत तयार व्हायला हवेत, ती राजकुमारला म्हणायची, आणि तुमचेही. तो हसायचा. ‘माझं काय, मी खिडकीत बसीन. तू पाहून ये अन् मले सांग.’ ती ते गमतीत घ्यायची.

दुपारी पंगत बसली. पितरांची घागर भरून झाली होती. पुण्याहून गंधार आणि काजल त्यांच्या वर्षाच्या ओवीला घेऊन आले होते. सासूबाई, सत्यभामाबाई, पाटावर न बसता खुर्चीवर बसल्या होत्या; ऐंशीच्या घरात गुडघे वाकत नव्हते. राजकुमारच्या कॉलेजातले अनंत सर एकटेच असायचे, म्हणून सणाला त्यांचं पान याच घरी. कोकिळाने कपाटात एक शाल आणून ठेवली होती. जेवणं झाली की नवऱ्याच्या खांद्यावर घालायची आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, आता तुम्हीही मोकळे.

अनंत सरांनी रसाची दुसरी वाटी संपवली आणि तृप्तीने मान हलवली.

‘‘वहिनी, एक सांगू? सरांनी विचार बदलला थे लय बरं झालं. नाहीतर पुढच्या वर्षी अकरावी-बारावीचा भूगोल माझ्या गळ्यात पडत होता. माझा विषय इतिहास. मी काय शिकवणार होतो पोराईले, वारे अन् पर्जन्य?’’

कोकिळाच्या हातात कुरडयांचं ताट होतं. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

‘‘कोणता विचार?’’

अनंत सरांनी राजकुमारकडे पाहिलं. राजकुमार पुरणपोळीचा एक तुकडा रसात बुडवत होता. तो तुकडा पार विरघळला तरी त्याचा हात तिथेच होता.

‘‘म्हणजे... थे राजीनाम्याचं... मार्चमध्येच अर्ज मागे घेतला ना सरांनी. मले वाटलं घरी...’’ अनंत सर उठले. त्यांनी घाईने हात धुतला, ओवीच्या गालाला बोट लावलं आणि चपला शोधत बाहेर पडले.

पंख्याचा आवाज तेवढा राहिला. कोकिळाने कुरडयांचं ताट खाली ठेवलं.

‘‘सांगणारच होतो,’’ राजकुमार म्हणाला.

‘‘कधी?’’

‘‘तू डोंगरावरून आली का इतकी खुश राहतं. रोज वाटे, आज नको, उद्या सांगू.’’

कोकिळाने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. गंधारने नजर चुकवली. सत्यभामाबाई पदराच्या टोकाने आधीच कोरडे झालेले हात पुसत होत्या. म्हणजे या दोघांना ठाऊक होतं. काजलच्या चेहऱ्यावर मात्र नुसता गोंधळ होता. आणि सकाळी हसणारी सुचिता ताडकन म्हणाली,

‘‘दादा, हे बरोबर नाई केलं तुनं. वयनीनं नोकरी सोडली ना तुझ्या भरवशावर?’’

‘‘तू चूप राह्य वं,’’ सत्यभामाबाईंनी लेकीला दटावलं. ‘‘नोकरी करून राह्यला तो. चोरी नाई केली त्यानं.’’

‘‘माय, मी चोरी म्हणलं काय?’’

गंधार मध्ये पडला. लहानपणापासून घरात आवाज चढले की तो असाच काहीतरी तोडगा घेऊन पुढे व्हायचा. ‘‘हे बघ आई, बाबांना कामाशिवाय करमणार नाही. मीच त्यांना म्हटलं, मनाविरुद्ध नका सोडू. आणि तू तर मोकळीच आहेस. आमच्याकडे चल. ओवीला तुझी सवय होईल, काजलचं ऑफिसही नीट सुरू होईल. पुण्याला टेकड्या आहेतच की, तुला फिरायला.’’

‘‘गंधार, आत्ता नको,’’ काजल हळूच म्हणाली.

कोकिळाने भाताचं पातेलं उचललं. तिने उरलेल्यांना वाढलं. कोणाला भात, कोणाला कढी, हे हाताला पाठ होतं म्हणून ते झालं. शाल कपाटातच राहिली.

स्वयंपाकघरात भांडी आवरताना काजल मागून आली. ओवी तिच्या कडेवर पेंगत होती.

‘‘आई, मी खोटं नाही बोलणार. मला तुम्ही हव्या आहात. ओवीला सांभाळायला येणाऱ्या बायका टिकत नाहीत, दर वेळी रजा काढून माझीच नोकरी जायची वेळ आलीय. पण गंधार मला म्हणाला होता की यायचं तुमच्याच मनात आहे. प्रवासाचं हे सगळं मला माहीतच नव्हतं.’’

‘‘मनात हाय ना. नातीपाशी राहाचं कोणाच्या मनात नसते?’’ कोकिळाने ओवीचा घामेजलेला तळवा आपल्या ओल्या हातात घेतला. ‘‘पण आधी मनात काय होतं, थे कोणी विचारलं नाई.’’

काजलने मान खाली घातली. दारात काठी वाजली. सत्यभामाबाई होत्या. काजल बाहेर गेल्यावर त्या चौकटीला टेकल्या.

‘‘मी त्याले म्हणलं होतं, तिले सांग. होळीपासून म्हणून राह्यली.’’

‘‘आत्याबाई, तुम्हीच सांगाचं होतं मग.’’

‘‘नाई झाली हिंमत. तू त्या बुटाईले रोज पुसून ठेवतं, मी पाहतो ना.’’ म्हातारीने काठी दुसऱ्या हातात घेतली. ‘‘याचा बापही असाच. बैलबाजाराच्या पलीकडं गेला नाई कधी. पण त्यानं मले आस नाई लावली, पोरी. याने तुले लावली. थे वाईट केलं.’’

एवढं बोलून त्या काठी टेकत गेल्या. मघाशी भर पंगतीत लेकाची बाजू घेणारी ही बाई आत येऊन असं बोलेल, हे कोकिळाला तीस वर्षांच्या संसारात कधी वाटलं नव्हतं. तिला रडू आलं ते तेव्हा.

उन्हं कलल्यावर ती गच्चीवर गेली. वाळत घातलेल्या कुरडयांच्या चादरीवर चिमण्या उतरल्या होत्या, तिने त्यांना हाकललं नाही. सातपुडा उन्हाने पुसून गेला होता. माहीत असलेल्यालाच तो तिथे आहे हे कळलं असतं. जिन्यावर राजकुमारची पावलं वाजली. तो तिच्यापासून हातभर अंतर सोडून कठड्याला टेकला.

तिनेच सुरुवात केली. रागाने नाही, दुपारभर तिने मनात हिशोब मांडून पाहिला होता आणि एक वाट तिला सापडली होती.

‘‘नोकरी नका सोडू. राह्यलं. पण सुट्टी तं हाय ना तुम्हाले जूनभर? पंधरा दिवस चला. मी पुढं राहीन, तुम्ही परत या.’’

तो कठड्याचा पोपडा नखाने काढत राहिला.

‘‘दहा दिवस?’’

‘‘कोकिळा...’’

‘‘आता काय आडवं येते? पेपर तपासून झाले. आत्याबाईपाशी सुचिता राहते म्हणते. मले सांगा ना, काय आडवं येते?’’

‘‘काहीच नाई,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणूनच सांगून राह्यलो. काहीच आडवं येत नाई. मले जायचंच नाई.’’

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो डोंगर होता त्या दिशेला बघत होता.

‘‘कधीपासून?’’

‘‘पह्यलेपासून.’’ त्याला शब्द जड जात होते, वर्गात तासभर न थांबता बोलणारा माणूस. ‘‘मी फळ्यावर पंचचुली काढतो ना, पोरं डोळे मोठे करून पाहतात. मले तेवढाच हिमालय पुरते. अनोळखी गाव, अनोळखी अंथरूण, म्हणलं का माझ्या छातीत धडधड होते. तुले कधी बोललो नाई. मले बेत आवडत होते कोकिळा. रात्री तुझ्यासंग बसून कोणती गाडी, कोणता घाट, थंडी किती, हे बोलणं. थेच मले गेल्यासारखं वाटे. मी समजलो, तुलेही तसंच असन.’’

‘‘मी नोकरी सोडली ना हो.’’

‘‘तू सोडली तवाच समजलं मले, का हे खरं हाय तुझं.’’ तो आता तिच्याकडे वळला. ‘‘मग भेव वाटलं. अर्जही केला मी, तुझ्याकडं पाहून. पण घरी बसलो का मले जावं लागन, अन् तिथं गेलो का तुले दिसन मी कसा माणूस हाय. म्हणून मागं घेतला.’’

कोकिळाला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला जागा सापडत नव्हती. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. तिला जिथे जायचं होतं तिथे तो तिला दर रात्री नेत होता आणि सकाळी दोघंही इथेच उठत होती. त्या रात्री खोट्या होत्या असंही तिला म्हणवेना. दिवा मालवल्यावर तो अंधारात बोटाने हवेत शिखरं काढायचा, तिचा हात धरून तिच्या बोटाने काढायचा. त्याहून गोड असं तिच्या आयुष्यात फार काही घडलं नव्हतं. आता तेच आठवायला नको वाटत होतं, कारण तेव्हाही ती वाट पाहत होती आणि तो पोचलेला होता.

‘‘मी जाणार,’’ ती म्हणाली.

‘‘एकटी?’’

‘‘दुसरं कोण हाय?’’

खाली चहाच्या वेळी तिने तेच सगळ्यांना सांगितलं. जूनमध्ये निघेन, ऑगस्टात येईन. पोळ्यानंतर पुण्याला जाईन, संक्रांतीपर्यंत राहीन. ‘‘तेही ओवीसाठी अन् काजलसाठी. गंधार, तू ठरवलं म्हणून नाई. पुढच्या टायमाले माझ्या मनातलं मले विचारून सांगत जाय.’’

गंधारचा चेहरा उतरला. ‘‘आई, तोवर आम्ही काय करायचं?’’

‘‘तू रजा काढ ना,’’ काजल म्हणाली. ‘‘मी काढल्या. आता तू काढ.’’ ती ओवीचं झबलं बदलत होती.

सुचिता बशीतला चहा फुंकता फुंकता थांबली. ‘‘वयनी, मी येऊ काय तुझ्यासंग?’’

सगळे हसले. तीही हसली. पण हसू ओसरल्यावरही ती वहिनीकडेच पाहत होती, आणि मग स्वतःलाच म्हणाली, ‘‘म्हशी कोण पाहीन बाप्पा,’’ आणि चहा पिऊ लागली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात राजकुमार तिला सोडायला नांदुऱ्याच्या स्टेशनवर आला. भुसावळला गाडी बदलायची, पुढे दिल्ली, पुढे काठगोदाम, मग जीपने वर. हा सगळा रस्ता त्यानेच तिला वर्षानुवर्षं सांगितलेला होता. आताही तो सांगत होता. काठगोदामला डाव्या बाजूची खिडकी धर, वर पाणी उकळून पी, कानटोपी वरच्याच कप्प्यात हाय. तिच्या सॅकचा पट्टा त्याने दोनदा सैल केला, दोनदा आवळला.

गाडीचा उजेड दिसला तेव्हा तो म्हणाला, ‘‘रोज संध्याकाळी फोन कर. काय काय दिसलं, सारं सांग मले. बारीकसारीक.’’

ती सॅक खांद्यावर घेत होती. ती थांबली.

‘‘नाई सांगणार.’’

‘‘काऊन?’’

‘‘सांगतलं का तुमचं पाहून होते. मग तुम्ही काऊन येसान?’’

त्याला ते लागलं, दिसलं तिला. गाडी थांबली, माणसांची रेटारेटी झाली, त्याने सॅक आत चढवून दिली आणि हात काढून घेतला. गाडी हलली तेव्हा तो प्लॅटफॉर्मवर चालत थोडा पुढे आला, मग थांबला. कोकिळा दारातच उभी राहिली. स्टेशन मागे पडलं, कपाशीची रिकामी रानं सुरू झाली, तरी ती आत गेली नाही. आपण एवढं कठोर बोलायला नको होतं असं तिला वाटत होतं, आणि बोललो ते खरं होतं असंही वाटत होतं.

मुन्सियारीला पोचल्यावर चार दिवस ढगच होते. खोलीच्या मालकीणबाई रोज सांगायच्या, दिसेल, दिसेल. कोकिळा छत्री घेऊन गावातल्या वाटा चालायची, भिजून यायची, चुलीपाशी बसायची. घरी फोन व्हायचा तो जेवणखाणाचा, ओवीच्या नव्या दाताचा, सासूबाईंच्या गुडघ्यांचा. राजकुमार विचारायचा नाही आणि ती सांगायची नाही. रात्री जाड दुलईत पडून ती हात शेजारी टाकायची. तिथे थंडगार गादी असायची.

पाचव्या दिवशी सकाळी ती उठून बाहेर आली आणि शिखरं समोर होती. पाचही. फळ्यावर, कागदावर, अंधारात कधीच न मावलेली एवढी मोठी. पहिल्या शिखराच्या टोकाला ऊन लागत होतं आणि तिथून ते खाली उतरत होतं, दुधावर केशर पसरावं तसं. तिने तोंड उघडलं आणि नवऱ्याला हाक मारली. खरोखर मारली, मोठ्याने. अंगणातल्या मालकीणबाईंनी वळून पाहिलं. कोकिळा पायरीवर बसली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ते कशासाठी, शिखरांसाठी की शेजारच्या मोकळ्या पायरीसाठी, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

फोन वाजला. त्याचाच होता. मागे जळगाव जामोदच्या घरातला पंखा घरघरत होता.

‘‘आज सकाळीच फोन केला?’’ तिने आवाज सावरत विचारलं.

‘‘इथं फोनवर हवामान पाह्यलं. तिथं आज उघाड हाय म्हणते.’’ तो घुटमळला. मग त्याच्याने राहवलं नाही. ‘‘कोकिळा... काय दिसून राह्यलं?’’

ऊन आता दुसऱ्या शिखरावर उतरलं होतं. एका शब्दात सांगता आलं असतं, आणि त्याने डोळे मिटून तो शब्द घेतला असता. तिने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

‘‘या ना,’’ ती म्हणाली.

पलीकडे पंखा घरघरत राहिला. त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि दोघांपैकी कोणीही फोन ठेवत नव्हतं.